व्हॉट्सअ‍ॅपवरून सिग्नलवर निरोप का जात नाही, आणि मंडळाचा ग्रुप कुठे न्यावा?

दांडियाबाजारकर:

नमस्कार. बडोद्यातल्या आमच्या लहानशा मराठी मंडळाचा व्याप वाचनालय, गणपती, कोजागरी आणि अडलेल्या सभासदांना औषधोपचारासाठी मदत एवढाच आहे, पण तो सगळा व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर चालतो. मदतीचा अर्ज आला की रुग्णाचे रिपोर्ट, बिले, बँक खात्याचा तपशील आणि आधार कार्डाचा फोटो त्याच ग्रुपवर येऊन पडतो आणि संक्रांतीच्या शुभेच्छांखाली महिनोन्महिने तसाच राहतो. मला हे बरे वाटत नाही. कार्यकारिणीत विषय काढला तेव्हा एकाने सिग्नल सुचवले, दुसऱ्याने झोहो कंपनीचे अरट्टई, तिसऱ्याने टेलिग्राम, आणि फोनवर आणखी एक जरी अ‍ॅप घ्यावे लागले तरी मी राजीनामा देईन, असे आमच्या खजिनदारांनी जाहीर केले.

जिओच्या फोनवरून एअरटेलच्या फोनला कॉल लागतो, जीमेलवरून याहूच्या पत्त्यावर पत्र जाते, मग व्हॉट्सअ‍ॅपवरून सिग्नलवर निरोप न जाण्याचे कारण तांत्रिक आहे की धंद्याचे? युरोपात यासाठी कायदा झाला असे ऐकतो. त्याचा आपल्याला काही उपयोग आहे का? आणि तो होईपर्यंत सभासदांची माहिती जपायची असेल तर काय वापरावे?

फतेगंज_वाचक:

खजिनदारांना माझा जाहीर पाठिंबा कळवावा.

तारयंत्र:

माझ्या मते कारण मूळचे धंद्याचे आहे आणि तांत्रिक कारणे त्याला नंतर येऊन मिळाली. ईमेलचे नियम सर्वांसाठी एकच होते आणि त्यांवर कुणा एकाची मालकी नव्हती. गप्पांसाठीही तशी पद्धत होती. १९९९च्या सुमारास जॅबर या नावाने सुरू झालेली आणि पुढे एक्सएमपीपी म्हणून प्रमाणित झालेली ही पद्धत ईमेलसारखीच चालते, म्हणजे तुमचा सर्व्हर वेगळा आणि माझा वेगळा असला तरी बोलता येते. गूगल टॉक २००५ मध्ये तिच्यावरच उभे राहिले आणि २००६ पासून बाहेरच्या सर्व्हरांशी बोलूही लागले. २०१३ मध्ये हँगआउट्स ही नवी सेवा आणताना गूगलने बाहेरच्या सर्व्हरांशी बोलण्यातून हात आखडता घेतला. व्हॉट्सअ‍ॅपनेही सुरुवात याच पद्धतीत फेरफार करून केली होती, पण बाहेरच्यांना त्यांनी कधीच वाट दिली नाही. ज्याच्याकडे सगळे गाव आहे त्याने शेजारच्या गावाला रस्ता का बांधून द्यावा?

युरोपचा डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट नेमका याच ठिकाणी बोट ठेवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजर या दोन्ही सेवा त्याच्या कक्षेत आल्या आणि मार्च २०२४ पासून बंधने लागू झाली. एखाद्या लहान सेवेने मागणी केली तर तिला जोडून घ्यावे लागते. दोन व्यक्तींमधले निरोप आणि फोटो आधी, ग्रुप दोन वर्षांनी आणि कॉल चार वर्षांनी, असा क्रम ठरवून दिला आहे. शिवाय या जोडणीमुळे एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची, म्हणजे निरोप फक्त दोन टोकांच्या फोनांवरच उघडेल अशा कुलपाची, पातळी खाली येता कामा नये, अशीही अट आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये या दोन्ही सेवांची मालक कंपनी मेटाने बर्डीचॅट आणि हायकेट या पहिल्या दोन जोडण्या जाहीर केल्या. आपल्यापैकी किती जणांनी ही नावे ऐकली आहेत? सिग्नल आणि खासगीपणावर भर देणारे थ्रीमा यांनी तर जोडून घ्यायला साफ नकार दिला. आणि ही सगळी सोय युरोपातल्या वापरकर्त्यांसाठी आहे, त्यामुळे बडोद्याच्या रावपुऱ्यात बसून तिचा काही उपयोग नाही.

फतेगंज_वाचक:

सिग्नलने नकार का दिला, हे मला समजले नाही. आयते कोट्यवधी लोक संपर्कात येत असताना लहान अ‍ॅपने नाही म्हणावे, हे विपरीत वाटते.

तारयंत्र:

निरोपाचा मजकूर दोन्हीकडे कुलूपबंदच असतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपही २०१६ पासून सिग्नलचीच एन्क्रिप्शन पद्धत वापरते. फरक मजकुराभोवतीच्या माहितीत आहे. कोण कुणाशी, किती वाजता, कितीदा आणि कुठल्या ग्रुपमध्ये बोलले, हा मेटाडेटा कंपनीकडे किती साचतो, यावर खरा खासगीपणा ठरतो. अमेरिकेत सिग्नलकडे कोर्टामार्फत माहिती मागितली गेली तेव्हा खाते कधी उघडले आणि शेवटची जोडणी कधी झाली, या पलीकडे देण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपशी जोडून घेतले की निरोपाचे दुसरे टोक मेटाच्या सर्व्हरवर जाते आणि तिथे कोण कुणाशी बोलले याची नोंद होऊ शकते. म्हणजे सिग्नलने जे वर्षानुवर्षे साठवायचे टाळले, ते दुसऱ्याच्या घरी साठायला लागेल.

नॅरोगेज:

बडोद्याचा विषय निघालाच आहे, तर गायकवाडांच्या रेल्वेचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. डभोई ते मियागाम हा अडीच फुटी मार्ग १८६२ मध्ये टाकला गेला आणि सुरुवातीला त्यावरचे डबे बैल ओढत असत. इंजिने १८७३ पासून नियमितपणे धावू लागली. मियागामला मुंबईकडची मोठी लाइन भेटे, पण लहान लाइनीचा डबा मोठीवर चढू शकत नसे, म्हणून कापसाच्या गाठी उतरवून दुसऱ्या डब्यात भराव्या लागत. मधल्या फलाटावर गाठ कुणाची आणि कुठे चालली आहे, हे हमालापासून स्टेशनमास्तरांपर्यंत सर्वांना दिसणारच. दोन अ‍ॅपांच्या मध्ये जे ब्रिज बसवतात त्यांचे कामही असेच चालते ना? एका बाजूचे कुलूप काढायचे, निरोप बाहेर घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूच्या कुलपात घालायचा. डभोईमार्गे केवडियापर्यंत ब्रॉडगेज गाडी जायला जानेवारी २०२१ उजाडावे लागले, तेव्हा खजिनदारांना घाईने राजीनामा लिहू नका असे सांगायला हरकत नाही.

तारयंत्र:

ब्रिजच्या बाबतीत नॅरोगेज यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. मॅट्रिक्स या एक्सएमपीपीसारख्याच खुल्या पद्धतीवरून व्हॉट्सअ‍ॅप वाचण्यासाठी लोक जे ब्रिज चालवतात, त्यांत निरोप मध्येच उघडला जातो, आणि ज्याच्या सर्व्हरवर ब्रिज आहे त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवावा लागतो. युरोपातल्या जोडणीत मात्र दोन्ही बाजूंना एकच गेज लावायचा प्रयत्न आहे. बाहेरच्या अ‍ॅपने सिग्नलची किंवा तिच्याशी जुळणारी पद्धत वापरायची, म्हणजे मधल्या फलाटावर गाठ सोडावी लागत नाही. ग्रुपसाठी अशी सामाईक पद्धत एमएलएस या नावाने जुलै २०२३ मध्ये प्रमाणित झाली, इंटरनेट मानक म्हणून तिचा क्रमांक आरएफसी ९४२०. तिच्या आधारे निरनिराळ्या कंपन्यांचे ग्रुप कसे जोडावेत, याचे नियम लिहिण्याचे काम इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या एका गटात चालू आहे. रूळ तयार होत आहेत, पण त्यांवरून गाडी कुणी आणि का चालवावी, हा धंद्याचा प्रश्न आहे तिथेच आहे.

मुक्तस्रोत:

आपण सगळे मेटा जोडून घेईल का या प्रश्नाभोवती फिरत आहोत, हेच मला खटकते. जे मुळातच जोडलेले आहे ते वापरावे. फ्रान्सच्या सरकारचे टचॅप आणि जर्मन सैन्याचे बीडब्ल्यूमेसेंजर मॅट्रिक्सवर चालतात, म्हणजे ही काही केवळ हौशी मंडळींची खेळणी नाहीत. फोनवर कॉन्व्हर्सेशन्स हे एक्सएमपीपीचे अ‍ॅप मी वापरतो. त्यात ओमेमो पद्धतीचे एन्क्रिप्शन आहे, आणि एफ-ड्रॉइड या मुक्त सॉफ्टवेअरच्या दालनातून ते फुकट मिळते. फोन नंबरावरून खाते हवे असेल तर क्विक्सी आहे. आपल्या देशातल्या काही स्वयंसेवकांनी त्याच पद्धतीवर प्राव ही सेवा उभी केली असून ती सहकारी संस्थेच्या रूपात चालवावी असा त्यांचा उद्देश आहे. सेवा आवडली नाही तर दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन जुन्या मित्रांशी बोलणे चालू ठेवता येते, हे स्वातंत्र्य सिग्नलमध्येही नाही, कारण तिथे सर्व्हर एकाच संस्थेचा आहे.

अलकापुरी_वाचनवेडी:

मुक्तस्रोत, तुमचे तत्त्व मला मान्य आहे, पण मंडळाचा सर्व्हर सांभाळणार कोण? ज्या मंडळांचे संकेतस्थळ दर वर्षी डोमेनचे पैसे भरायचे राहून गेल्यामुळे बंद पडते, त्यांनी निरोपांचा सर्व्हर चालवावा असे आपण सुचवत आहोत. दुसरे असे की मे २०२३ मध्ये आपल्या सरकारने १४ अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यांत मॅट्रिक्सचे एलिमेंट होते, ब्रायर होते आणि थ्रीमाही होते. सत्तरीच्या सभासदांना आधी बंदी असलेल्या अ‍ॅपची गोष्ट सांगायची आणि मग ते आपल्या फोनवर घ्या म्हणायचे, हे माझ्याच्याने होणार नाही.

मुक्तस्रोत:

बंदीचा मुद्दा मान्य आहे आणि मंडळासाठी मी एलिमेंट सुचवणार नाही. एक्सएमपीपीसाठी मात्र स्वतःचा सर्व्हर लागत नाही. चालू सेवांपैकी एखादी घेता येते. डोमेनच्या बाबतीत मी गप्प राहणे पसंत करतो, कारण ते काम आमच्या सोसायटीत माझ्याकडे आहे.

सयाजीगंज_७:

अरट्टईचे नाव कुणीच गांभीर्याने घेतले नाही, याचे वाईट वाटले. झोहोने ते २०२१ मध्ये काढले, २०२५च्या शरदात त्याला एकदम गर्दी झाली, आणि त्या वेळी साध्या निरोपांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नव्हते, अशी टीकाही झाली. ते नंतर आले. पण या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. निरोपांची व्यवस्था यूपीआय आणि ईमेलसारखी परस्परांशी जोडलेली असावी, व्हॉट्सअ‍ॅपसारखी बंद नसावी, असे झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी जाहीरपणे म्हटले आहे. फोनपेवरून गूगल पेवाल्याला पैसे जातात, तेव्हा दोन कंपन्यांचे एकमेकींवर प्रेम आहे म्हणून ते जात नाहीत. २०१६ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने मधला रूळ टाकला आणि सर्वांना त्यावरूनच चालावे लागले. निरोपांसाठी असा रूळ आपल्याकडेच का होऊ नये?

तारयंत्र:

यूपीआयची तुलना अर्धीच लागू पडते. पैशाच्या व्यवहारात मधल्या संस्थेला कुणी कुणाला किती दिले हे कळावेच लागते, नाहीतर हिशेबच लागणार नाही. निरोपांच्या बाबतीत तीच माहिती मधल्या संस्थेला कळू नये, ही आपली गरज आहे. यूपीआयसारखा रूळ टाकला तर जोडणी उत्तम होईल, पण देशभर कोण कुणाशी बोलतो याची वही एका जागी तयार होईल. हे टाळून जोडणी करता येते, पण तसा आराखडा पहिल्या दिवसापासून आखावा लागतो. नंतर ठिगळ लावून ते जमत नाही.

डॉ_निजामपुरा:

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून थोडे वेगळे बोलतो. आपण कुलपाच्या मजबुतीवर वाद घालत आहोत, पण मी आजवर पाहिलेली गळती कुलूप फोडून झालेली नाही. एका रुग्णाच्या बायोप्सीचा रिपोर्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला गेला, तिथून तो सोसायटीच्या ग्रुपवर गेला, आणि मुलीकडच्यांना तो कळला तेव्हा ठरलेले लग्न लांबणीवर पडले. त्यात कुठल्याच कंपनीचा हात नव्हता. एका काकूंनी काळजीपोटी फॉरवर्ड केले होते. ग्रुपमध्ये दोनशे माणसे असतील तर एंड-टू-एंड याचा अर्थ दोनशे टोके, आणि त्यांतल्या प्रत्येक टोकाला एक गॅलरी आहे, एक नातू आहे आणि दुरुस्तीला दिलेला जुना फोनही आहे. दांडियाबाजारकर यांनी अ‍ॅप बदलले आणि माणसे तेवढीच ठेवली, तर मूळ दुखणे तसेच राहील.

टेलिग्रामबद्दल एक वाक्य, कारण तिसऱ्या सभासदांनी ते सुचवले आहे: त्याच्या साध्या गप्पा आणि सर्व ग्रुप एंड-टू-एंड कुलूपबंद नसतात, ती सोय फक्त दोघांमधल्या सीक्रेट चॅटमध्ये आहे आणि ती मुद्दाम सुरू करावी लागते. रुग्णांच्या कागदांसाठी ते नको.

कारेलीबागच्या_आजी:

डॉक्टरांनी काकूंचे नाव घेतले, पण फॉरवर्डचे बटण काकूंनी तयार केलेले नाही, एवढे नोंदवून ठेवते.

मी सिग्नल वापरते, कारण नातीने घालून दिले. आम्हा म्हाताऱ्यांना जमणार नाही, असे वर दोघांनी सुचवले आहे, त्याला माझा आक्षेप आहे. दिसायला ते व्हॉट्सअ‍ॅपसारखेच आहे. एकच गोष्ट प्रथम त्रासदायक वाटली: ते मधून मधून आपला पिन विचारते, आणि पहिल्यांदा विचारले तेव्हा मला वाटले की हा ओटीपी मागणारा भामटाच आहे, म्हणून मी फोन उशीखाली ठेवून दिला. नातीने समजावले की पिन विसरू नये म्हणून ते आठवण करते. आता तो पिन मी भिशीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे. हे सुरक्षित नाही असे कुणी लिहिण्याआधी सांगते की ती वही आमच्या घरात दुसरे कुणीही उघडत नाही. खरी अडचण अशी की तिथे माझ्याशी बोलायला नात, जावई आणि दूधवाल्याचा शिकलेला मुलगा एवढेच आहेत. भजनी मंडळ तिकडे येत नाही, तोवर मी व्हॉट्सअ‍ॅप काढू शकत नाही.

अलकापुरी_वाचनवेडी:

आजी, शेवटच्या वाक्यात तुम्ही सगळ्या धाग्याचे मर्म सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने माहितीच्या वापराचे धोरण बदलल्याची सूचना दाखवली, तेव्हा आमचा अख्खा वाचनगट तावातावाने सिग्नलवर गेला. इतके लोक एकदम आले की महिन्याच्या मध्यावर सिग्नलच जवळपास दिवसभर बंद पडले. पुढे पुस्तकांची चर्चा तिकडे आणि भिशीची तारीख इकडे असे चालले, आणि हळूहळू चर्चाही भिशीच्या मागोमाग परत आली. कुणी ठरवून परतले नाही.

सातासमुद्रापार:

न्यू जर्सीतून लिहितो. आमच्यासारखे पुष्कळ बडोदेकर जुना भारतीय नंबर व्हॉट्सअ‍ॅपपुरता जिवंत ठेवून आहेत. सिम डब्यात आहे आणि फोनमध्ये इथला नंबर आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने आदेश काढला की अशा अ‍ॅपांनी नोंदणीचे सिम फोनमध्ये सतत असल्याची खात्री करावी आणि संगणकावरचे सत्र दर सहा तासांनी बंद करावे. त्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली. हा आदेश व्हॉट्सअ‍ॅपसारखाच सिग्नलला, टेलिग्रामला आणि अरट्टईलाही आहे. फसवणूक रोखण्याचा हेतू मला समजतो, पण फोन नंबर हीच ओळख मानणारी सर्व अ‍ॅपे यात एकाच दोरीने बांधली जातात. सिग्नलमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून नंबर न देता वापरनावाने बोलता येते, तरी खाते उघडायला नंबर लागतोच. या बाबतीत मला मुक्तस्रोत यांचे म्हणणे अधिक पटते.

तारयंत्र:

नंबरामुळे खर्चही पडतो. सिग्नल ही देणग्यांवर चालणारी संस्था आहे, आणि नोंदणीचे ओटीपी पाठवण्यासाठीच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जातात, असे त्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले होते. आपण फुकट म्हणून जे घेतो ते कुणीतरी भरत असते, म्हणून जी मंडळी तिकडे जातील त्यांनी वर्षातून एकदा थोडे पैसे पाठवावेत, अशी विनंती करतो.

न्यायमंदिर_जवळ:

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१च्या धोरणाबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने पुढच्या वर्षी दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती देण्यावरची पाच वर्षांची मनाई काढून टाकली. अ‍ॅपे एकमेकांशी जोडा असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. मात्र २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात. त्यातली सूट व्यक्तीच्या घरगुती वापराला आहे. मदतीचे अर्ज गोळा करणारे मंडळ हे कुटुंब नव्हे, तेव्हा आधार कार्डे कुठे पडली आहेत याची चौकशी एक दिवस मेटाकडे न होता तुमच्याकडे होऊ शकते.

दांडियाबाजारकर:

सर्वांचे आभार. युरोपातल्या जोडणीची वाट पाहण्यात अर्थ नाही, हे कळले. डॉक्टरांच्या पोस्टनंतर मी प्रश्न वेगळा मांडून कार्यकारिणीपुढे ठेवला आणि पुढीलप्रमाणे ठरले. मोठा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवरच राहील, पण तिथे फक्त सूचना आणि शुभेच्छा येतील. मदतीचे अर्ज सांभाळणाऱ्या उपसमितीचा ग्रुप सिग्नलवर उघडला आहे, निरोप चार आठवड्यांनी आपोआप नाहीसे होतील अशी सोय त्यात चालू केली आहे, आणि आधार कार्डाचा फोटो मागणेच बंद केले आहे. कार्ड समक्ष पाहून वहीत तशी नोंद करायची. खजिनदार उपसमितीत आहेत. त्यांनी अ‍ॅप घेतले, आणि राजीनाम्याचा विषय इतिवृत्तात घेऊ नये अशी विनंती केली.

डॉ_निजामपुरा:

उत्तम. पण जुने रिपोर्ट अजून दोनशे फोनांत आहेत, त्यांचे काय करणार?

तारयंत्र:

मोठ्या ग्रुपवर आता 'सर्वांसाठी हटवा' चालणार नाही, कारण त्याची मुदत केव्हाच उलटली आहे. म्हणून प्रत्येकाला विनंती करावी लागेल की ग्रुपची माहिती उघडून त्यातल्या फोटोंमधले कागद स्वतः काढून टाकावेत, फोनच्या गॅलरीतही पाहावे, आणि ग्रुपचे फोटो गॅलरीत आपोआप उतरण्याची सोय बंद करावी. बॅकअपकडेही लक्ष द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपचा गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय एंड-टू-एंड कुलूपबंद होत नाही. सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअपखाली ते चालू करता येते. तिथे जो पासवर्ड द्याल तो हरवला तर कंपनीलाही तो परत मिळवून देता येत नाही.

कारेलीबागच्या_आजी:

भिशीच्या वहीत अजून तीन पाने कोरी आहेत.